रोझारियोचं विमान

तिसऱ्या झटक्याला इंजिन पेटलं. सत्यवानाने पंख्यापासून बोट मागे घेतलं आणि फेलिसिदादकडे पाहून मान हलवली. सकाळची वेळ. मिठबावच्या पुळणीवर त्या दोघांशिवाय होती ती फक्त अँजेलिना, फेलिसिदादची सासू. तिला कोणी बोलावलं नव्हतं. छत्री उघडून ती जरा दूर वाळूत उभी होती.

दोन हात लांबीच्या त्या विमानाचा सांगाडा फेलिसिदादच्या नवऱ्याने, रोझारियोने, शेवटच्या रजेत जोडला होता. तो मालवाहू बोटीवर वायरलेस ऑपरेटर; इंजिन त्याने विलायतेच्या फेरीत आणलेलं. पुढच्याच सफरीत बोट बुडाली. त्याला तीन वर्षं झाली. कंपनीचं पत्र आलं, पण अँजेलिनाने सुनेला काळे कपडे घालू दिले नाहीत, की मेलेल्याच्या नावाने इगर्जीत मिसा सांगू दिली नाही. सांगाडा वाशाला टांगलेलाच राहिला. माझो झील येतलो आणि पुरो करतलो, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

ह्या नाताळाआधी फेलिसिदादने तो खाली काढला. पंखांवर पातळ कागद ताणून बसवला, त्यावर रोगणाचे थर दिले. आतला रेडिओ रोझारियोच्या मित्राने, सत्यवानाने बसवला. त्याचं कसालला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि बिनतारीचं वेड त्याला रोझारियोनेच लावलेलं. विमान एकदा उडवायचं आणि मग मिसा सांगायची, असं फेलिसिदादने मनाशी ठरवलं होतं. सासूकडे ती हे बोलली नव्हती.

संदेश पाठवायची पेटी वाळूवर ठेवलेली होती. तिच्यातून पुरुषभर उंचीची एरियल वर गेलेली, आणि लांब वायरच्या टोकाला एक बटण. एकदा दाबून धरलं की विमानाचं सुकाणू उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे, सोडलं की सरळ. एवढंच.

सत्यवान माडांच्या दिशेने, वाऱ्याला सामोरा धावला आणि त्याने विमान हातातून सोडलं. ते एकदा खाली गेलं, सावरलं आणि चढू लागलं. फेलिसिदादने बटण दाबलं. विमान उजवीकडे वळलं. दोनदा दाबलं, डावीकडे वळलं. तीन वर्षांत तिच्या कुठल्याच बोलण्याला इतकं सरळ उत्तर मिळालं नव्हतं.

माडांच्या शेंड्यांवरून ते समुद्राकडे निघालं. तेवढ्यात त्याने वळण घेतलं. डावीकडे, मोठं, सावकाश वळण. ते पुळणीवर परत आलं, खाली उतरत थेट अँजेलिनाच्या डोक्यावरून गेलं, इतक्या जवळून की तिची छत्री हलली. म्हातारी वाकली नाही. विमान पुन्हा वर चढलं.

‘‘मी दाबूक नाय,’’ फेलिसिदाद म्हणाली. तिने दोन्ही हात पुढे केले. बटण वायरला लोंबकळत होतं.

सत्यवानाने सांगितलं की असं होतं. जवळून जाणाऱ्या बोटीचा संदेश त्याच लहरीवर आला की विमानाला तो आपलाच वाटतो. बोलता बोलता त्याने समुद्राकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. क्षितिजापर्यंत बोट नव्हती. मचव्याचं शीडदेखील नव्हतं.

विमान आता पश्चिमेला तोंड करून चाललं होतं. फेलिसिदादने बटण दाबलं, मग दोनदा, मग दाबूनच धरलं. ते वळलं नाही. लाटांच्या पलीकडे इंजिन बंद पडलं. जमिनीवरून येणारा मतलई वारा पाठीशी होता, त्यामुळे ते बराच वेळ तरंगत गेलं, आणि समुद्रातल्या खडपांच्या पुढे पाण्यावर अलगद टेकलं.

मासे मारणाऱ्या बाबलीची होडी वाळूवरच ओढलेली होती. विमान आणायला सत्यवान होडीकडे धावला. अँजेलिनाने त्याला हाताने थांबवलं. सकाळपासून ती आता पहिल्यांदा बोलली.

‘‘हाडू नकात तेका. थंयच रवांदे.’’

तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली. मग सुनेला म्हणाली की आयतवारी पाद्रीला भेट, मिसेचा दिवस ठरव. छत्री मिटून ती माडांतून घराकडे चालू लागली. तिची चाल रोजच्यासारखीच होती.

तीन वर्षं फेलिसिदाद ह्याच शब्दांची वाट पाहत होती. आता ते कानावर पडले आणि तिला ते नकोसे झाले. ती पाण्यात शिरली. वायर पुरत होती तिथपर्यंत गेली आणि बटण दाबू लागली. एकदा. दोनदा. पुन्हा एकदा. वायरला ओढ बसून पेटी वाळूत कलली.

दूरवर विमानाचा एक पंख पाण्याखाली गेला होता. दुसरा अजून वर होता, पांढरा.

‘‘भावजी,’’ तिने मागे न बघता विचारलं, ‘‘आत पाणी गेला तरी तेका ऐकूक येता?’’

सत्यवान रेडिओचा माणूस. खारं पाणी आत शिरल्यावर काय होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो पेटीजवळ गुडघ्यांवर बसला आणि कललेली एरियल त्याने दोन्ही हातांनी सरळ धरली.