चौथं बटण

ती प्रोग्रामर होती. डायलिसिसच्या रुग्णांना गाडी बोलावता यावी म्हणून तिच्या टीमने अ‍ॅप केलं होतं आणि त्यात रोज काहीतरी बदलून रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, जायची. सोमवारी एका आजोबांची बोलून नोंदवलेली तक्रार आली, "मला अक्षरं दिसत नाहीत, मी बटणं मोजून दाबतो. गाडीचं बटण दुसरं होतं. कुठं नेलंत?"

शनिवारच्या रिलीजमध्ये ते चौथं झालं होतं.

"एका माणसासाठी सगळ्यांचा स्क्रीन उलटापालटा करायचा?" टीम लीड हसला.

"रोज एक रिलीज सोडतोच ना सर? त्यातली एक पुण्यकर्म समजा."

ती हट्टालाच पेटली. गुरुवारी सकाळी सातला गाडीचं बटण परत दुसरं झालं आणि चौथ्या जागी 'रद्द करा' आलं.

दहा वाजता ही खूशखबर कळवायला तिने आजोबांची तक्रार उघडली. खाली काल संध्याकाळचा नवा निरोप होता, "साहेब, शेजारच्या सूनबाईंनी तीन दिवस माझ्याकडून घोकून घेतलं. चौथं बटण आता पक्कं झालंय. हात जोडतो, हलवू नका."

तिने धडपडत आजच्या नोंदी काढल्या. आठ वाजल्यापासून आजोबांनी अकरा वेळा 'रद्द करा' दाबलं होतं. सव्वानऊनंतर काहीच नव्हतं.