कड्याच्या वाटेनं

"वाटा तीन हायत, अम्मा," वाट दाखवायला आलेली धुरपता म्हणाली. "गाडीवाट लांबची, पण म्हातारं माणूसबी चढतं. पायऱ्यांनी जरा दम लागतो. अन् ही कड्याची."

गौरम्मानं मान वर करून कडा पाहिला. "शिव शिव! पण नवस मी बोलले ना. मलाच इथून जावं लागणार."

रीतच तशी होती. नवस बोलणाऱ्यानं अनवाणी कडा चढायचा; ज्याच्यासाठी बोलला, त्यानं वाटेल त्या वाटेनं महादेवासमोर यावं. गौरम्माचा नवस एकुलत्या एका लेकासाठी होता. लातूर जिल्हा झाला आणि शिवलिंगला नव्या कचेरीत खुर्ची मिळाली. म्हणून मायलेक उदगीरहून पार किनवटच्या या डोंगराला आले होते.

"अव्वा, सांभाळून ये," शिवलिंग म्हणाला आणि गाडीवाटेला लागला. त्याची पिशवी डोक्यावर घेऊन धुरपताचा नवरा व्यंकटी पुढं झाला.

गौरम्मानं धुरपताला ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कशी? बहात्तरच्या दुष्काळात याच गाडीवाटेचं सरकारी काम निघालं, तेव्हा गौरम्माचा नवरा इथं गुत्तेदार होता. खडी फोडणाऱ्या बायांची तोंडं गुत्तेदारीण कशाला बघतेय!

धुरपतानं मात्र काल तिला एसटीतून उतरतानाच ओळखलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या वर्षी खालच्या विहिरी आटल्या होत्या, पाणी होतं ते वरच्या कुंडात. बाईच्या पूजेचं पाणी आणायला धुरपताची लेक सिंधू रोज वर जायची. एक दिवस पोर पायऱ्यांनी निघाली, तर हिनं हटकलं. "पूजेला उशीर होतो. कड्यानं जा." सिंधू परत आली ती घोंगडीत गुंडाळून.

आज हिला सोडायची नाही, असं धुरपतानं ठरवलंच होतं. व्यंकटीलाही ते ठाऊक होतं. दोघांनी ठरवूनच मायलेकांना वाटून घेतलं होतं.

अर्ध्या कड्यावर जेमतेम पाऊल मावेल एवढीच जागा. गौरम्मा घामाघूम होऊन थांबली.

"इथूनच एक पोरगी पडली होती गं. दुष्काळात."

"हाव का?"

"आमच्याच पाण्याला जायची. लई धांदरट. आमची तांब्याची घागर गेली बघ तिच्यापायी."

धुरपताच्या डोळ्यांत रक्त उतरलं. अगं, लेकरू गेलं, आणि हिला घागरीचं पडलंय!

तेवढ्यात गौरम्माचा पाय सटकला. ती धुरपताच्या मनगटाला लोंबकळायला लागली. खाली नुसती दरी.

"सोडू नको गं बाई! पाया पडते तुझ्या!"

हात झटकायचा अवकाश होता. धुरपतानं ते तोंड डोळे भरून पाहून घेतलं. मग दात-ओठ खाऊन तिला वर ओढलं.

माथ्यावर पोचल्यावर तिनं गौरम्माला कुंडाचं पाणी पाजलं, पायातले काटे काढले, पदरानं वारा घातला. गौरम्माला रडूच फुटलं.

"माझा जीव वाचवलास गं. तुला लेकरं किती?"

"एक व्हती. सिंधू."

गौरम्माला ते नाव काही आठवलं नाही. "शिवलिंगला सांगते मी. तुझ्यासाठी कायतरी करायला लावते." ती गाडीवाटेच्या वळणाकडं बघत राहिली. "पण अजून कसा आला नाही गं? सोपी वाट म्हणालीस ना?"

वळणावर व्यंकटी दिसला. एकटाच. त्यानं धुरपताकडं बघून मान हलवली आणि डोक्यावरची पिशवी गौरम्मासमोर आणून ठेवली.

"माझा शिवलिंग कुठाय?" गौरम्मा धडपडत उठली. "अरे, माझा लेक कुठाय?"

ती कड्याकडं धावली. धुरपतानं तिला दंडाला धरून मागं ओढलं आणि खाली बसवलं.

"जपून, अम्मा. तुमाला अजून लई वर्सं जगायचं हाय."