कुंकवाचं बोट

चौथ्या घरीही तेच झालं. रेश्मानं सहादेवला लांबूनच ओवाळलं आणि कुंकू लावायची वेळ आली तसं ताट पुढं केलं. "तुमीच लावून घ्या, दादा."

सहादेवनं हसत कुंकवात बोट बुडवलं आणि आपल्याच कपाळाला टेकवलं. मागं उभ्या छबूबाईला नवऱ्याचं ते हसणं बघवेना. त्याचं निम्मं तोंड कोडानं पांढरं झालेलं, हाताची बोटंही तशीच. कोड लागत नाही, हे खर्ड्याच्या डॉक्टरनं याच गावात येऊन सांगितलं होतं. बायांनी माना डोलावल्या होत्या. मान डोलवायला काय जातंय!

निवडणूक सरपंचाची. सहादेव उभा होता आणि समोर आप्पासाहेबांचा मुलगा पार्थ, उंचापुरा, गोरापान, कोरलेल्या दाढीचा. सकाळी तो याच आळीतून गेला तेव्हा बायांनी भुवईपासून केसांपर्यंत कुंकू ओढलं त्याला. एकीनं तर कानशिलावर कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. त्यानं गावासाठी काय केलं म्हणाल, तर गाडीची काच खाली करून हात हलवला. सहादेवनं तीन वर्षं हेलपाटे घालून आळीत नळ आणला. पण नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय!

रेश्माची सासू रंगुबाई ओट्यावर बसली होती. छबूबाईला राहवलं नाही. तिनं सरळ विचारलं, मावशी, मत कुणाला?

रंगुबाईला खोटं बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, सहादेवासारखं काम कुणाच्यानं व्हायचं न्हाई, नळाला पाणी आलं त्या दिवशी मी देवाआधी त्याचं नाव घेतलं. तिच्या आवाजात माया होती, अगदी खरी. मग ती त्याच्याकडं वळली.

"पर सहादेवा, सरपंच झाला की जत्रंत नारळ तूच फोडनार. परसाद तूच वाटनार. मंग गावानं काय करायचं?"

"परसाद पुजारी वाटंल, मावशे. मी हात लावनार न्हाई."

छबूबाईनं त्याच्या हाताकडं पाहिलं. बावीस वर्षं ती याच हातानं मोडलेली भाकर खात आली होती. आणि हा माणूस मतासाठी आपलाच हात बाजूला ठेवायला निघाला होता. तिला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त कीव आली.

रंगुबाईनं थोडा वेळ विचार केला. मग मान हलवली.

"न्हाई रे. सरपंच कसा, शोभला पायजे."

दोघं पुढच्या घरी गेले.

तिथं दार आतून लोटलेलं होतं. उंबऱ्याबाहेर ताट ठेवलेलं, निरांजन पेटवलेलं, कुंकू, तांदूळ सगळं जागच्या जागी. आत बायकांची कुजबुज चालली होती, ती थांबली.

छबूबाई म्हणाली, "चला घरी. झालं आता."

सहादेव खाली बसला. त्यानं ताट उचललं, निरांजन आपल्याच तोंडासमोर दोनदा फिरवलं, कुंकवात बोट बुडवून कपाळाला लावलं. मग ताट होतं तिथं ठेवून लोटलेल्या दाराला हात जोडले.

"येतो, वैनी. ध्यान असू द्या."