दुसरा अंगठा

भट्टीत माती आक्रसते. त्यामुळे सही म्हणून कपावर उठवलेला माझा अंगठा भाजून निघाला की लहान मुलाचा वाटतो.

या खेपेला ताईने हट्टाने बाराशे डिग्रीला भाजायची नवी माती आणली. सकाळी विजेची भट्टी उघडली, तर कप दगडासारखे टणक झालेले. एकावरचा ठसा मात्र माझ्या अंगठ्याहून मोठा होता.

“ताई, हा तू उठवलास?”

“मी कशाला? तुझ्या कपांना हात लावून बोलणी कोण खाईल!”

तिने अंगठा टेकवून पाहिला. तोही सैल पडला.

“तुझी ही माती आक्रसतच नसेल,” मी म्हणाले. पण कप तर इतरांएवढाच लहान झाला होता.

ताईने कप उलटसुलट करून पाहिला. मी तिच्या हातून कप घेऊन घट्ट धरला.

माझ्या अंगठ्याशेजारी, त्या टणक कपात, हळूहळू दुसरा खळगा पडू लागला.