मागच्याची जबाबदारी

रेसट्रॅकवर हौशी मंडळींना गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा घसा दुपारपर्यंत पार बसला होता. स्पोर्ट्स बाइक घेऊन आलेले दोन साडू सकाळपासून हमरीतुमरीवर आले होते. एकाची म्हणे दोनशे हॉर्सपॉवरची, तर दुसऱ्याची वळणावर लोण्यासारखी जाणारी. मास्तरांनी दोन्ही गाड्यांच्या आरशांवर चिकटपट्टी लावली.

"अहो मास्तर, मग मागून कोण येतंय ते कळणार कसं?"

बावीस वर्षं हाच प्रश्न, आणि बावीस वर्षं हेच उत्तर.

"कळून करायचंय काय? पुढच्याने फक्त पुढे बघायचं. त्याला सांभाळून जायची जबाबदारी मागच्याची. आणि मागच्याने घाई लावायची नाही. पुढचा बिचकतो, वळून बघतो आणि पडतो. मग गाडी कितीची का असेना!"

संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा अंगाचा पिट्ट्या पडला होता. कधी एकदा गरम पाणी अंगावर घेतो असं झालं होतं. पण बाथरूमकडे जाणाऱ्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये त्यांचे म्हातारे वडील वॉकर धरून पुढे चालले होते. एक पाऊल टाकायचं, दम खायचा, मग दुसरं. खांद्यावर टॉवेल टाकून मास्तरांनी मागे थोडा वेळ कळ काढली. मग त्यांना राहवेना.

"अण्णा, उरका ना जरा!"



अण्णांनी दचकून मागे वळून पाहिलं.