खिशातलं मायक्रोमीटर

डेट्रॉइटच्या कारखान्यातल्या टूलरूममध्ये, जिथे अचूक मापाचे भाग घडतात तिथे, वर्नेटाचे नव्वदीचे वडील आज पहिल्यांदाच आले, लेकीच्या निवृत्तीच्या दिवशी. त्यांची उभी हयात इथल्याच भट्टीपुढे गेली. तेव्हा टूलरूममध्ये काळ्या माणसाला शिकाऊ म्हणूनही घेत नसत. त्यांनी खटला भरला, जिंकलाही. पण निकाल लागेपर्यंत त्यांचं वय उलटलं आणि त्या दारातून आत गेली ती लेक. कधीतरी इथे काम मिळेल या आशेनं घेतलेलं, केसाएवढी जाडी मोजणारं मायक्रोमीटर मात्र ते रोज पुसून ठेवायचे. आजही खिशात होतं. पुण्याची इंजिनीअर नेत्रा आपला नवा पार्ट त्यांच्यापुढे धरत म्हणाली, “सर, फायनल चेक तुम्हीच करा ना.” सगळे कौतुकानं हसले. त्यांनी दोनदा मोजलं. “केसभर जाड आहे, पोरी. पुन्हा घासून आण.” अडतीस वर्षांत स्वतः मोजल्याशिवाय वर्नेटानं कशावरच सही केली नव्हती. आज तिनं त्या पार्टच्या तपासणी-कागदावर ‘नापास’ लिहिलं आणि न मोजताच सही ठोकली.