एकाच साच्याचे गाल

पाहुणे यायच्या आधी कुमुदिनीने आरशात पुन्हा गाल पाहिले. एचआयव्हीच्या जुन्या औषधांनी ते इतके खोल गेले होते की चेहऱ्यावरूनच लोक आजार ओळखत. दोन महिन्यांपूर्वी जिल्हा इस्पितळातल्या, फक्त अशाच रुग्णांसाठी असलेल्या यंत्राने तिच्याच पेशींपासून गालांत नवी चरबी वाढवली. आता गाल भरले होते आणि डावीकडे छोटी खळीही पडत होती. लेकीचे, शर्वरीचे, लग्न जमावे म्हणूनच तिने हे केले होते.

मुलाची आई, प्रमिलाताई, दारातच थबकल्या. त्यांचे गाल अगदी तसेच होते. डावीकडे तीच खळी.

शर्वरी आणि मुलगा गॅलरीत बोलत बसले. दोघांचे हसणे आतपर्यंत ऐकू येत होते. पोह्यांची रिकामी बशी ठेवायचे निमित्त करून प्रमिलाताई स्वयंपाकघरात आल्या.

"तुम्हीही जिल्हा इस्पितळातच?" त्यांनी हळूच विचारले. "साचा एकच आहे त्यांच्याकडे."

कुमुदिनीला हायसे वाटले. "बरेच झाले, ताई. आता आपल्यात लपवायला काही उरले नाही."

"मुलगी मला फार आवडली हो. पण लग्नात विहिणींचा फोटो काढतात. एकटीला पाहून कोणाला काही कळत नाही. आपण दोघी शेजारी उभ्या राहिलो, तर सगळ्या मांडवाला कळेल."

बाहेर येऊन त्या शर्वरीला म्हणाल्या, "घरी जाऊन कळवतो हं, बाळ."

शर्वरीने वाकून नमस्कार केला. दार लागताच तिने विचारले, "आई, आवडले ना मी त्यांना?"

"फार आवडलीस," कुमुदिनी म्हणाली.